पायपेटीची आठ आवर्तनं

लग्न होऊन मी ब्राउनश्वाइगच्या त्या घरात गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरात सासूबाईंनी मला पियानोच्या डाव्या अंगाला उभं केलं आणि काम नेमून दिलं. वादन चालू असताना त्यांच्यासमोरच्या वहीची पानं उलटायची. "मी मान हलवली की उलटायचं," त्या म्हणाल्या. "आधी नाही, नंतर नाही." मी हो म्हटलं. नव्या सुनेला दुसरं काय म्हणता येतं?

सासरे चेलो वाजवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. शहरातल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात त्यांची उमर गेली होती आणि आता ते निवृत्त होऊन घरी बसले होते. सासूबाई पियानो वाजवत, माझा नवरा व्हायोलिन. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी, हे तिघं बाहेरच्या खोलीत शेजारपाजारच्या दहा-बारा माणसांसमोर सात-आठ छोट्या रचना वाजवत. पाच मिनिटांहून मोठी एकही नाही. सासऱ्यांचं म्हणणं असं, की लांबलचक रचना नाट्यगृहात शोभतात. घरात जे वाजवायचं ते केक थंड व्हायच्या आत संपलं पाहिजे. हे ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत. त्या घरात विनोदही गंभीरपणेच व्हायचे.

पहिल्या वर्षी मी सगळी पानं वेळेवर उलटली. शेवटची रचना सुरू झाली, चांगली रंगली, आणि मध्येच तिघंही थांबले. सासऱ्यांनी गज तारांवरून उचलला. नवऱ्याने व्हायोलिन खाली घेतलं. सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. मला वाटलं माझंच काहीतरी राहिलं, म्हणून मी घाईघाईने वहीकडे हात नेला. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. सासूबाईंचे ओठ तेवढे हलत होते, एक दोन तीन, एक दोन तीन. मग त्यांनी मनगट सोडलं, "आल्झो," म्हणजे 'चला तर', म्हणाल्या, आणि तिघांनी एकदम पुढचा सूर धरला.

त्या दिवशी कपबशा पुसताना नवऱ्याने मला त्याचा अर्थ सांगितला. लग्नाआधी दोन वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं होतं, मी डॉक्टरेट करत होते, तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. एवढ्या दिवसांत त्याने मला भाऊ होता असं सांगितलं होतं, पण ही गोष्ट सांगितली नव्हती. "ती त्याची जागा आहे," तो म्हणाला. "तिथे तो एकटा वाजवतो. आठ आवर्तनं."

वाजवतो, म्हणाला. वाजवायचा नाही.

थोरला भाऊ हार्मोनियम वाजवायचा. आपल्या मांडीवरच्या बाजाची पेटी नव्हे, पायाने भाता मारायची मोठी, आपल्याकडे नाटकवाले जिला पायपेटी म्हणत ती. ती रचना त्याने सोळाव्या वर्षी स्वतः बांधली होती, घरातल्या चौघांसाठी चार वाद्यांची. एकोणिसाव्या वर्षी त्याला लढाईवर नेलं. शेवटचं पत्र चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात पूर्वेकडून आलं आणि त्यानंतर काहीच आलं नाही, ना पत्र, ना तो मेल्याची बातमी. नोव्हेंबरातला तो रविवार म्हणजे त्याच्या वाढदिवसाला लागून येणारा रविवार. लढाई संपल्यावर तिघांनी पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा त्याचा भाग कोणी वाजवायचा हा प्रश्न निघाला. सासूबाई म्हणाल्या, कोणी नाही. तेव्हापासून दरसाल त्याची वही पायपेटीवर उघडून ठेवायची, झाकण मात्र बंद, आणि त्याच्या जागी चोवीस मात्रा मोजायच्या.

खरं सांगते, मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटलं. लढाई संपून पंधरा वर्षं झाली होती. गल्लीतल्या पडक्या इमारती पाडून तिथे नवी घरं उभी राहिली होती, ट्राम धावत होत्या, दुकानांत कॉफी मुबलक मिळत होती. पण सासूबाईंच्या वाट पाहण्याला आधार होता, आणि तो आधार दर नोव्हेंबरात आमच्याच घरात पहिल्या खुर्चीवर येऊन बसायचा. शेजारच्या मावशींचा मुलगा पंचावन्न साली परत आला होता, दहा वर्षांनी. कुठलीही सूचना नाही. मावशी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या, आणि एक हडकुळा माणूस मागच्या दाराने आत येऊन उभा राहिला. मावशींनी त्याला भिकारी समजून पाव देऊ केला. ही हकिकत त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. त्यामुळे वादन चालू असताना आमच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवलेली असायची. थंडी आत यायची, पाहुणे कोट घालून बसायचे, पण कोणी चकार शब्द काढत नसे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं दार पियानोच्या बरोबर मागे होतं, आणि त्या दाराला लागूनच पायपेटी होती. मागच्या दाराने कोणी आलं, तर पहिली गाठ तिच्याशीच पडणार.

सासूबाई मला वाईट वागवत नव्हत्या, हे लिहून ठेवलं पाहिजे. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला 'तू' म्हणायची परवानगी दिली. जर्मन लोकांत ती देण्याची गोष्ट असते. मला मात्र सासूला अगंतुगं करायला जीभ वळेना. तोंडाने जर्मन 'तू' म्हणायची आणि मनात 'अहो' चालू ठेवायचं, असा माझा दुटप्पी कारभार होता. त्यांनीच मला कागदावरचे सूर वाचायला शिकवलं, पानं नीट उलटता यावीत म्हणून. शनिवारी दुपारी शेजारी बसवून, बोट ठेवून, न चिडता. एका शनिवारी त्या मोकळ्या आवर्तनांपाशी त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं, हे रिकामं ठेवायला किती जड जात असेल. त्या म्हणाल्या, "रिकामं कुठे आहे? मला तो ऐकू येतो. इथे, आणि इथेच. बाकी वर्षभर मी त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करते, पण तो येत नाही. इथे येतो."

मला वाटलं, बोलायची एक पद्धत आहे. आई गेलेली माणसं म्हणतात ना, ती अजून घरात आहे, तसं काहीसं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पत्र आलं. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी एक कचेरी होती. सासूबाईंनी तिथे फार पूर्वी फोटो देऊन ठेवला होता, भांग पाडलेला, नव्या कॉलरचा. कचेरीने परत आलेल्या सैनिकांना असे हजारो फोटो दाखवले, चौकशा केल्या, आणि आता कळवलं होतं की आपला मुलगा त्या हिवाळ्यातल्या माघारीत मारला गेला असण्याची दाट शक्यता आहे. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "शक्यता म्हणजे त्यांना माहीत नाही." आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

पण सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. गज तारेवर टेकला की बारीक कंप यायचा. पहिल्यांदा आम्हाला तो वाजवण्यातला भाग वाटला, मग वाटेनासा झाला. दर गुरुवारी ते डॉक्टरकडे हाताला विजेचा शेक घ्यायला जात आणि तसेच परत येत. त्यांनी कोर्टातून एक अर्ज आणला. आईबापांनी सही केली की मुलाला कायद्याने मृत ठरवता येत होतं, आणि मग घरच्या दफनाच्या जागेवर दगडावर त्याचं नाव कोरता येत होतं. "माझं नाव तिथे लागायच्या आधी मला त्याचं तिथे बघायचंय," ते एकदाच म्हणाले. त्यांनी स्वतःची सही केली आणि अर्ज जेवणाच्या टेबलावर साखरेच्या भांड्याखाली ठेवला. रविवारी कॉफी प्यायला बसलं की ते साखर घेताना भांडं थोडं बाजूला सरकवत, म्हणजे कागद दिसेल. सासूबाई साखर घेत आणि भांडं पुन्हा कागदावर ठेवत. जुलैपासून नोव्हेंबरापर्यंत हे चाललं. नवराबायकोत एका शब्दाने भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

मी हे सगळं उभ्याउभ्या बघत होते, आणि इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते एका संगीत नाटक मंडळीत ऑर्गन, म्हणजे पायपेटीच, वाजवायचे. मंडळी बुडाली, मग त्यांनी घरी शिकवण्या धरल्या. त्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा होता की नट अडला तर पेटीने अडायचं नाही. पद म्हणताना नटाला ठसका लागो, शब्द विसरोत, दम संपो, ऑर्गनवाल्याने ती जागा अशी भरून काढायची की प्रेक्षकांना पत्ता लागू नये. मला त्यांनी तसंच शिकवलं. ते ओळ म्हणता म्हणता मध्येच गप्प बसायचे आणि मी पुढचा सूर धरायचा. एक मात्रा उशीर झाला तर बोटांवर टिचकी. सात वर्षांची असल्यापासून माझ्या अंगात हे मुरलं होतं. गाणारा थांबला आणि जागा तशीच राहिली, तर मला ती सहन होत नाही. त्या घरात तर दरसाल चोवीस मात्रा कोणी भरत नव्हतं आणि पायपेटी माझ्या हाताच्या अंतरावर होती.

सगळं वडिलांवर ढकलणं बरं नव्हे. मला त्या घरात जागा हवी होती. चौघांच्या रचनेत तिघं होते, आणि मी पानं उलटत होते. मला वाटलं, मी ती जागा भरली तर सासऱ्यांच्या हाताला आधार होईल, सासूबाईंच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि पाहुणे जाताना म्हणतील की सून गुणाची आहे. हे शेवटचं सगळ्यात आधी वाटलं असणार.

सासरे गुरुवारी डॉक्टरकडे जात, त्याच वेळी सासूबाई बाजाराला. मी गुरुवारी प्रयोगशाळेत उशिरा जायला लागले. झाकण उघडलं तेव्हा आत हिरव्या बनातीची पट्टी अंथरलेली होती, घडी न मोडलेली. आधी भाता न मारता नुसती बोटं फिरवली, मग अगदी हलक्या पायाने आवाज काढला. भाता अजून धड होता. त्याच्या वहीतले सूर मी वडिलांच्या पत्राच्या निळ्या पाकिटावर सारेगममध्ये उतरवून घेतले. सोपी चाल होती, शाळकरी मुलाने बांधलेली. फक्त पाचव्या आवर्तनात एक अवघड उडी होती, हात एकदम खालून वर न्यायचा आणि मधल्या काळ्या पट्टीवर उतरायचं. तिथे माझं बोट पुन्हा पुन्हा घसरून शेजारच्या पांढरीवर जायचं. ती जागा मी महिनाभर घासली आणि अशी साफ केली की वडिलांनीसुद्धा मान डोलावली असती.

आदल्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. तो गजाला राळ लावत होता.

"मुटी नाही म्हणेल," तो म्हणाला. आईला तो मुटी म्हणायचा.

"आणि तू?"

त्याने गज उलटा धरून दुसऱ्या टोकापासून राळ लावायला घेतली. "मी तेव्हा दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तेव्हापासून दरसाल ती शांतता ऐकतोय. मलाही वाजवताना कोणीतरी ऐकावं, असं कधीकधी वाटतं."

हे हो नव्हतं. नाहीही नव्हतं. मी ते हो समजले, कारण मला हो हवं होतं. आणि सासूबाईंना विचारलंच नाही, कारण नाही नको होतं.

रविवारी नेहमीची माणसं आली. मावशी पहिल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स. मागच्या दाराची कडी काढलेली, फरशीवरून गार वारा येत होता. सासऱ्यांनी दोन रचना त्या वर्षी गाळल्या होत्या आणि ज्या ठेवल्या त्यांतही गज दोनदा घसरला. माणसांनी मान खाली घालून ते न ऐकल्यासारखं केलं. नवरा मात्र त्या दिवशी सुरेख वाजवत होता. मग सासूबाई "आल्झो" म्हणाल्या आणि शेवटची रचना सुरू झाली.

त्या रचनेचं पियानोचं एकच पान उलटायचं होतं, आणि ते पहिल्या भागात संपत होतं. सासूबाईंनी मान हलवली, मी पान उलटलं आणि दोन पावलं मागे सरकले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पायपेटीचं झाकण मी आधीच उचलून ठेवलं होतं, वर वही ठेवून. स्टुलावर बसले, चेलोच्या आवाजात भात्याची करकर झाकून गेली. तिघं थांबले. सासूबाईंचे हात मांडीवर आले. आणि मी सूर धरला.

एक मात्रासुद्धा उशीर झाला नाही.

पहिली दोन आवर्तनं मी बोटांकडे बघत होते. मग वर पाहिलं. मावशी खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या, पर्स खाली पडली होती, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते. सासूबाईंची पाठ ताठ झाली होती. त्या वळल्या नाहीत. मला वाटलं, ऐकताहेत, आवडतंय. मी पुढे गेले. पाचवं आवर्तन आलं, हात खालून वर गेला आणि बोट काळ्या पट्टीवर बरोबर उतरलं. मी आठवं संपवलं आणि शेवटचा सूर भात्यात हवा होती तोवर धरून ठेवला.

तेव्हा त्या वळल्या.

तो चेहरा मी इथे रंगवून सांगणार नाही, मला सांगता येत नाही. एवढंच सांगते, की साठीच्या बाईचा चेहरा मी तेव्हा एकदाच इतका तरुण पाहिला. त्या हसत होत्या. हात पुढे यायला निघाला होता. मागच्या दाराने कोणीतरी आत आलं होतं आणि येऊन आपल्या जागी बसलं होतं, सतरा वर्षांनी, अगदी मावशींच्या मुलासारखं, न कळवता. आणि मग त्यांना मी दिसले. पायपेटीवर, निळ्या साडीत.

चेहरा विझला असंही म्हणता येणार नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी कोण ते आठवत असल्यासारख्या. मला उठून पळावंसं वाटलं, पण पाय भात्यावरच राहिले. मग त्या पियानोकडे वळल्या, हात पट्ट्यांवर ठेवले. "आल्झो," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी ती रचना शेवटपर्यंत वाजवली. नवऱ्याने वाजवली. सासऱ्यांचा गज तारांवर आलाच नाही.

पाहुण्यांना कॉफी दिली गेली. सासूबाईंनी केकचे तुकडे कापले, सगळे सारखे, एकाचा चुरा सांडला नाही. कोणी कौतुक केलं नाही. मावशी कॉफी न पिता गेल्या, जाताना सासूबाईंचा दंड धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. शेवटचा माणूस गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी मागच्या दाराला कडी घातली. दरसाल ती संध्याकाळ होईपर्यंत निघालेली असायची.

मी कपबशा पुसत होते. जर्मनमध्ये माफी मागायला किती शब्द आहेत, आणि मला तेव्हा सगळे येत होते. तोंडातून निघालं ते मराठीच निघालं. "अहो, माझं चुकलं."

त्यांना भाषा कळायची नाही. पण काय म्हटलं ते कळलं.

"तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. टॉवेल नीट घडी करून दांडीवर ठेवला. "एक सूर चुकला नाही. पाचव्या आवर्तनात काळी पट्टी आहे ना, तिथे तो नेहमी चुकायचा. दर वेळी. त्याचे वडील रागावायचे, मी हसायचे. तिथेच मला कळायला हवं होतं की हा तो नाही. कळलंही. तरी मी वळले."

जेवणाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी साखरेचं भांडं बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडे पेन मागितलं. सही करायला त्यांना वेळ लागला नाही. सासरे खिडकीशी पाठ करून उभे होते. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यांचे खांदे हलत होते. नवऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वर आमच्या खोलीत निघून गेला. त्याने मला कधी बोल लावला नाही. कधी 'मी हो म्हटलं नव्हतं' असंही म्हणाला नाही, आणि मी ते वर्षानुवर्षं मनातल्या मनात त्याच्या तोंडून ऐकत राहिले.

वसंतात दगडावर नाव कोरलं. सासऱ्यांनी अक्षरांवरून थरथरती बोटं फिरवली आणि कारागिराला काम चांगलं झाल्याचं सांगितलं. चेलोची पेटी त्यांनी पुन्हा उघडली नाही. मला वाटू लागलं, झालं ते वाईट झालं पण एका अर्थी सुटका झाली. माणूस मेला तर मेला म्हणून रडता तरी येतं. असं मी नवऱ्यालाही म्हणून दाखवलं. माझं शहाणपण एवढ्यावरही थांबलं नव्हतं.

पुढच्या नोव्हेंबरात तो रविवार आला. कोणाला बोलावलं नव्हतं. दुपारी मी खाली गेले तेव्हा सासूबाई एकट्याच पियानोशी बसल्या होत्या, शेवटच्या रचनेची वही समोर. मी सवयीने डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही. त्या आपला भाग वाजवत गेल्या, नुसता पियानोचा, पोकळ वाटणारा. मान हलवली, मी पान उलटलं. मोकळ्या जागेपाशी आल्या तसे हात मांडीवर घेतले आणि ओठ हलायला लागले. एक दोन तीन, एक दोन तीन. तिसऱ्या आवर्तनाला ओठ थांबले.

मी वाट पाहिली. त्या पुढे मोजेनात.

"तो ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मी तो घेऊन गेले असते. "वर्षभर प्रयत्न केला. म्हटलं, आजच्या दिवशी तरी इथे येईल. पण तुझंच ऐकू येतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक चूक नाही." त्यांनी पाचव्या आवर्तनावर बोट ठेवलं, मला शिकवताना ठेवत तसं. "काळी पट्टी चुकून तो इथे दुसरं काय वाजवायचा, तेही मला आता आठवत नाही. कोणती पट्टी होती ती?"

मला ठाऊक होतं. महिनाभर माझं बोट घसरून तिथेच जात होतं, बहुतेक त्याचंही तिथेच जात असणार. मी पियानोवर हात नेला आणि ती पांढरी पट्टी दाबली.

त्यांनी ऐकलं. पुन्हा दाबायला सांगितलं. मी दाबली.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही पण तूच."

पुढे उलटायला पान नव्हतं. तरी त्यांनी मान हलवली, आणि मी वही मिटली.